ज्याची त्याची चाल

इंग्लंडच्या वायव्य भागात डोंगर आणि तळ्यांचा एक मुलूख आहे. त्यातल्या बॉरोडेल खोऱ्याच्या तोंडापासून आत आत गेलं की सीथवेट ही इवलीशी वस्ती लागते. इंग्लंडमधल्या वस्तीच्या जागांपैकी सर्वाधिक पाऊस इथं कोसळतो. वर्षभर भिजणाऱ्या या उतारांच्या पोटात सोळाव्या शतकात एक काळा दगड सापडला. वजनाला हलका, हाताला तुळतुळीत आणि चोळला की बोटं काळी करणारा. मेंढपाळांनी त्यानं मेंढ्यांच्या लोकरीवर खुणा केल्या. मग तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून अस्तर म्हणून तो लागला, पुढं पेन्सिलीत गेला. त्याची किंमत इतकी चढली की १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेला त्याच्या चोरीविरुद्ध खास कायदा करावा लागला. हा दगड म्हणजे ग्रॅफाइट.

ग्रॅफाइटच्या अंतरंगात शिस्त आहे. प्रत्येक कार्बन अणूनं शेजारच्या तिघांना धरून ठेवलेलं, त्यातून षट्कोनांची अखंड जाळी विणलेली, आणि अशा जाळ्या एकीवर एक रचलेल्या. एका जाळीत शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन जाळ्यांमधलं ०.३३५ नॅनोमीटर. जाळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, म्हणून तर कागदावर रेघ उमटते. पण ही एकेक जाळी भलतीच कडेकोट आहे. एका अणूच्या जाडीची असूनही, निर्दोष असेल तर ती हेलियमलासुद्धा पलीकडे जाऊ देत नाही. हेलियम हा वायूंमधला सर्वांत चणीनं लहान. त्यालाही जिथं मज्जाव, तिथं इतरांची काय कथा!

आणि तरीही, या अभेद्य जाळ्यांनीच बनलेला ग्रॅफाइटचा ठोकळा घ्या, त्याच्या एका अंगाला वायू भरा आणि दुसऱ्या अंगाला वाट पाहा. वायू पलीकडे पोचलेला असतो. कुठं तडा दिसत नाही, भोक दिसत नाही. अणूंच्या जाळीतून तर तो गेलेला नाही. तो गेला आहे स्फटिक आणि स्फटिक यांच्या मधल्या रिकामपणातून. लाखो स्फटिक आपापल्या दिशेला तोंड करून दाटीनं बसले की त्यांच्यामध्ये जागा उरते. या उरलेल्या जागा एकमेकींना कुठंतरी भिडतात, आणि दगडाच्या आत वाटांचं एक रान तयार होतं. त्या रानातून कोण, किती वेगानं, कोणत्या रीतीनं जातं, याची मोजणी माणसानं गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत केली आहे. ती मोजणी मला एखाद्या व्रतासारखी वाटते. डोळ्यांना न दिसणाऱ्याचं माप घ्यायचं, तेही न दिसणाऱ्या वाटेवरून जाताना.

सीथवेटच्या खाणीतले चांगले मोठे तुकडे एकोणिसाव्या शतकात संपत आले. उरला होता चुरा. विल्यम ब्रॉकेडन या माणसानं त्या चुऱ्याकडं निराळ्या नजरेनं पाहिलं. तो डेव्हनमधल्या टॉटनेसच्या घड्याळजीचा मुलगा, पेशानं चित्रकार. आल्प्स पर्वतातल्या खिंडी पायांनी तुडवून त्यानं त्यांची चित्रं काढली, पुस्तकं छापली. १८४३ मध्ये त्यानं एका कृतीचं पेटंट घेतलं: ग्रॅफाइटची बारीक भुकटी घ्यायची, तिच्यातली हवा काढून टाकायची आणि प्रचंड दाबानं तिचा घट्ट ठोकळा करायचा. पेन्सिलीसाठी पुन्हा एकसंध काळा दगड मिळाला. औषधांच्या दाबून केलेल्या गोळ्यांची वाटही याच पेटंटपासून निघते. पर्वतांतल्या खिंडी रंगवणाऱ्या या माणसाच्या हातून नकळत अशा वस्तूची निर्मिती झाली होती, जिच्या आत खिंडीच खिंडी होत्या. हवा हुसकून देऊन केलेला हा दगड पुढं हवेचीच परीक्षा घेण्यासाठी निवडला जाणार होता.

ती निवड केली टॉमस ग्रॅहॅम यांनी. ग्लासगोत १८०५ साली जन्मलेल्या या मुलानं धर्मोपदेशक व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलानं रसायनशास्त्र धरलं. पण त्यांचं सगळं काम पाहिलं की वाटतं, उपासनेची वृत्ती काही सुटली नव्हती, फक्त दैवत बदललं होतं. त्यांचं आयुष्य एकाच गोष्टीच्या भोवती फिरत राहिलं: एक पदार्थ दुसऱ्यात कसा शिरतो, कसा पसरतो, कसा पलीकडे जातो. वायू वायूत, मीठ पाण्यात, हायड्रोजन पॅलेडियम धातूत. १८५५ पासून ते ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. ज्या खुर्चीवर पूर्वी न्यूटन बसले, तीच ही. दिवसा राज्याची नाणी पाडून घ्यायची आणि उरल्या वेळात वायूंची चाल मोजायची.

या मोजणीला सुरुवात करून दिली एका तडकलेल्या बरणीनं. १८२३ च्या सुमारास जर्मनीतल्या येना इथं योहान डोबेरायनर यांनी पाण्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या भांड्यात हायड्रोजन साठवला होता. भांड्याला केसाएवढी चीर होती. पाहतात तो आतलं पाणी आपसूक वर चढलेलं. हायड्रोजन चिरेतून निसटला होता, आणि बाहेरची हवा तितक्या चपळाईनं आत येऊ शकली नव्हती. इतरांनी ही गंमत ऐकून सोडून दिली असती. ग्रॅहॅम यांनी तिच्यात नियम शोधला. काचेच्या नळीचं एक तोंड त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बुचानं बंद केलं, आत वायू भरला, दुसरं तोंड पाण्यात धरलं आणि पाणी किती चढतं ते मोजलं. १८३१ च्या डिसेंबरात एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत त्यांनी नियम वाचून दाखवला: वायूच्या पसरण्याचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो. हवेहून हायड्रोजन साधारण १४.४ पटींनी विरळ. त्याचं वर्गमूळ ३.८. एक माप हवा आत येते तेवढ्यात ३.८ मापं हायड्रोजन बाहेर पडतो.

त्या काळी रेणू हे कित्येकांना निव्वळ सोयीची कल्पना वाटत होते. त्यांचे वेग कोणी मोजलेले नव्हते. मॅक्सवेल यांचा जन्म १८३१ मधलाच, म्हणजे वायूंच्या गतीचं गणित मांडणारा माणूस तेव्हा पाळण्यात होता. आणि इकडं प्लास्टरच्या एका बुचानं प्रत्येक वायूचं वजन आणि त्याची चाल यांचं नातं उघड केलं होतं.

प्लास्टरमध्ये एक खोट होती. त्याची छिद्रं ओबडधोबड होती, काही रुंद, काही अरुंद. रुंद छिद्रांतून वायू लोंढ्यानं वाहून जाई आणि नियमाची रेघ पुसट होई. ग्रॅहॅम यांना अशी आडकाठी हवी होती, जिच्या वाटा इतक्या सूक्ष्म असतील की लोंढा शिरूच शकणार नाही. १८६३ मध्ये छापलेल्या निबंधात ती सापडल्याचं दिसतं. ब्रॉकेडनच्या दाबलेल्या ग्रॅफाइटची चकती घेऊन त्यांनी ती घासून घासून अर्धा मिलिमीटर जाडीची केली. बावीस मिलिमीटर व्यासाची ती काळी चकती काचेच्या नळीच्या तोंडावर राळेच्या लुकणानं चिकटवली, नळीत पाऱ्यावर वायू घेतला. या चकतीपुढं सगळे वायू सारखेच परके. ती कोणाला शोषत नाही, कोणाशी रासायनिक नातं जोडत नाही. ती फक्त वाट देते, तीही एकेकाला. चकतीच्या एका बाजूला निर्वात जागा ठेवली, तेव्हा ऑक्सिजनला पार व्हायला जितका वेळ लागला त्याच्या जवळजवळ एक चतुर्थांश वेळात हायड्रोजन पार झाला. ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळापट जड, आणि सोळाचं वर्गमूळ चार. नियम पेन्सिलीच्या काळ्या शिशातून लख्ख उतरला.

हा नियम कुठून येतो ते आज सांगता येतं. एकाच तापमानाला कोणत्याही वायूच्या रेणूची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते. निसर्ग इथं कोणाला झुकतं माप देत नाही. मग जो हलका त्याला वेगानं पळावं लागतं आणि जो जड तो संथ चालतो. सत्तावीस अंश तापमानाला हायड्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे १.९ किलोमीटर वेगानं धावतो, हेलियमचा १.४ किलोमीटर, नायट्रोजनचा ५१७ मीटर, ऑक्सिजनचा ४८३, आर्गॉनचा ४३२ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४१२ मीटर. आपल्या सभोवतीची स्थिर वाटणारी हवा ही एवढी धावपळ आहे.

पण मोकळ्या हवेत या वेगांचा थेट पत्ता लागत नाही. एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी जेमतेम ६८ नॅनोमीटर जातो, म्हणजे एका मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग. सेकंदाला सुमारे सात अब्ज टकरी. जत्रेतून बाहेर पडणाऱ्या गर्दीत पैलवान आणि पोर एकाच गतीनं पुढं सरकतात, कारण चालणारे ते नसतात, गर्दी चालत असते. वारा वाहतो तेव्हा हेच होतं. हलका आणि जड, सगळे एका लोंढ्यात, आणि हवेतलं कोणाचंही प्रमाण बदलत नाही. दगडाच्या आतलं छिद्र मात्र रेणूच्या या मुक्त धावेहून अरुंद असलं, तर तिथं रेणूची रेणूशी गाठ क्वचितच पडते. तो भिंतीवर आपटतो, उसळतो, समोरच्या भिंतीवर आपटतो. एकटा. आता त्याला ढकलणारं कोणी नाही आणि ओढून नेणारंही नाही. आता तो स्वतःच्या पायांनी चालतो.

मला यातलं मर्म इथं सापडतं. मोकळ्या वाटेवर वायू एकमेकांत मिसळून आपली ओळख हरवतात. जिथं वाट अडते, आवळते, अंधारी होते, तिथंच प्रत्येकाचा स्वभाव बाहेर पडतो. हा नियम सापडला तो आडकाठीमुळं. काळी चकती मध्ये आली नसती, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या चालीतला चारपटीचा फरक असा शुद्ध स्वरूपात कोणाच्या हाती लागला नसता.

या एकाकी चालीचं गणित १९०९ मध्ये कोपनहेगनच्या मार्टिन नुडसेन यांनी काचेच्या केशनळ्यांमध्ये मोजून मांडलं. म्हणून तिला त्यांचं नाव आहे. हेच नुडसेन समुद्राच्या खारेपणाची कोष्टकं तयार करण्यासाठीही ओळखले जातात. ज्या माणसानं महासागराचं मीठ मोजलं, त्यानंच केसाहून बारीक नळीतल्या एकट्या रेणूची वाटचालही मोजावी, हे मला फार आवडतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रॅफाइट माणसानं घडवायला घेतलं ते भट्टीत. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरलेला कोक दळायचा, कोळशाच्या डांबराच्या राळेत मळायचा, ठोकळा पाडायचा आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, हळूहळू तापवत सुमारे एक हजार अंशांपर्यंत न्यायचा. या काळात राळेतला कार्बन मागं राहतो आणि बाकीचं सगळं वायू होऊन बाहेर पडतं. घाई केली तर वायूच ठोकळा फोडून टाकतात, म्हणून हा संथपणा. त्यानंतर विजेच्या भट्टीत जवळजवळ तीन हजार अंश. त्या दाहात विस्कळीत कार्बन अणूंच्या जाळ्या नीट जुळून येतात. मग ठोकळा थंड होतो, आणि थंड होताना स्फटिक एका दिशेनं जास्त आणि दुसऱ्या दिशेनं कमी आकसतात. या ओढाताणीत जाळ्यांच्या थरांमध्ये पातळ, लांब फटी पडतात.

म्हणजे ठोकळ्यातली पुष्कळशी वाट ही आधी कोणीतरी जाऊन पाडलेली आहे. निघून गेलेल्या वायूंनी मागं रस्ते ठेवले, आणि नंतर येणारा वायू त्याच रस्त्यांनी चालतो. सह्याद्रीचा काळा कातळही असाच वायूच्या खुणा बाळगून आहे. लाव्हा थंड होताना त्यातून निसटू पाहणारे वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढं पाण्यानं आणलेल्या खनिजांनी त्या भरून काढल्या. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइटचे आणि अपोफिलाइटचे देखणे स्फटिक त्या पोकळ्यांतच वाढलेले असतात. कातळातल्या अशा पोकळ्या बहुधा एकट्या असतात, एकीचा दुसरीशी दोर जुळलेला नसतो. पोकळी पुष्कळ असूनही वाट नसते. ग्रॅफाइटमध्येही दोन्ही प्रकार आढळतात. निर्दोष स्फटिकाची घनता घन सेंटिमीटरला २.२६ ग्रॅम, तर अणुभट्टीसाठी घडवलेल्या ग्रॅफाइटची १.७ ते १.८. याचा अर्थ ठोकळ्याचा निदान पाचवा हिस्सा रिकामा आहे. त्यातला काही रिकामपणा बाहेरच्या जगाशी जोडलेला, काही कायमचा कोंडलेला. वजन आणि घनफळ सांगतं की पोकळी किती आहे. त्या पोकळीची वाट झाली आहे की नाही, हे वायूलाच विचारावं लागतं.

हे विचारण्याची रीत वरकरणी साधी आहे. ग्रॅफाइटचा छोटा दंडगोल कातून घ्यायचा. त्याच्या कडेवर असं आवरण चढवायचं की वायू बाजूनं निसटणार नाही. सगळी कसोटी इथंच लागते. कारण बाजूची एखादी फट दगडाच्या सगळ्या वाटांहून उदार असू शकते, आणि मग मोजलं जातं ते दगडाचं नव्हे, आपल्या निष्काळजीपणाचं माप. एका टोकाला वायूचा दाब द्यायचा, दुसऱ्या टोकाला बाहेर पडणारा प्रवाह मोजायचा. प्रवाह बारीक असेल तर काचेच्या नळीत साबणाचा एक पडदा सोडतात. पलीकडे पोचलेला वायू त्या पडद्याला वर सरकवतो, आणि पडद्यानं दोन खुणांमधलं अंतर किती वेळात कापलं ते घड्याळ सांगतं. प्रवाह त्याहूनही बारीक असेल तर पलीकडे निर्वात पात्र ठेवून त्यातला दाब कसा वाढतो ते पाहतात. खोलीचं तापमान हललं तर आकडे हलतात. थांबायचं, स्थिर होऊ द्यायचं, मग वाचायचं.

मग दाब बदलत जायचा आणि आलेख काढायचा. आडव्या अक्षावर दगडातला सरासरी दाब, उभ्या अक्षावर दगडानं वायूला दिलेली मोकळीक. बिंदू एका सरळ रेषेवर येतात. त्या एका रेषेत दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. रेषेचा चढ लोंढ्याबद्दल बोलतो: दाब वाढला की रेणूंची गर्दी वाढते, गर्दी वाहू लागते, आणि ती किती सहज वाहते ते वायूच्या श्यानतेवर, म्हणजे चिकटपणावर, अवलंबून असतं. रेषा मागं नेत दाब शून्यापर्यंत आणला की ती उभ्या अक्षाला जिथं छेदते, ती उंची एकट्या रेणूबद्दल बोलते. गर्दी सगळी सरल्यावरही जी वाटचाल शिल्लक राहते, ती तिथं मोजलेली असते.

हेलियम आणि आर्गॉन हे दोन वायू याच दगडातून आळीपाळीनं पाठवून पाहा. दोघेही निष्क्रिय, दोघेही कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांची श्यानता जवळजवळ सारखी: आर्गॉनची हेलियमहून सुमारे चौदा टक्क्यांनीच जास्त. म्हणून लोंढ्यात दोघांची चाल पाहून कोण हलका आणि कोण दहापट जड, हे ओळखू येणार नाही. पण रेषा शून्य दाबाकडं नेली की दोघांमध्ये अंतर पडतं. तिथं हेलियम आर्गॉनच्या ३.१६ पट चालतो. दहाचं वर्गमूळ. दगड तोच, यंत्र तेच, फक्त गर्दी उठून गेली.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉबर्ट इव्हान्स आणि त्यांचे सहकारी १९६० च्या आसपास याहूनही नाजूक प्रयोग करत होते. कमी पारगम्यतेच्या ग्रॅफाइटचा तुकडा मध्ये. त्याच्या एका तोंडावरून हेलियमचा झोत, दुसऱ्या तोंडावरून आर्गॉनचा. दोन्हीकडचा दाब अगदी सारखा. कोणी कोणाला ढकलत नाही. तरीही हेलियम आर्गॉनच्या बाजूला उतरत राहतो आणि आर्गॉन हेलियमच्या. झोतांत मिसळलेल्या परक्या वायूचं प्रमाण तपासलं की किती गेला आणि किती आला ते कळतं. जाणाऱ्याचं आणि येणाऱ्याचं माप सारखं नसतं. इथंही तेच प्रमाण, ३.१६. दाब समान असूनही एका दिशेनं जास्त वायू जातो. समतोल ज्याला आपण म्हणतो त्याच्या पोटात केवढी ये-जा चाललेली असते!

ग्रॅहॅम यांच्या प्लास्टरच्या बुचानं हेच सांगितलं होतं. पण मधल्या काळात समान दाबाखालच्या विसरणाचा, म्हणजे वायूच्या अशा आपसूक पसरण्याचा, तो धडा विस्मरणात गेला. दोन वायू समान दाबाखाली समोरासमोर आले की सारख्याच मापानं अदलाबदल करतात, असं पुष्कळांनी धरून चाललं. १९५३ मध्ये हूगशागेन या डच संशोधकानं सच्छिद्र पदार्थांवर मोजणी करून तो नव्यानं शोधला. निसर्ग तेच उत्तर पुन्हा द्यायला कधी कंटाळत नाही. विचारणाऱ्यानं प्रश्न तेवढा नीट विचारावा.

इव्हान्स यांच्याबरोबर एडवर्ड मेसन हे सिद्धांतकार होते. त्यांनी या सगळ्याकडं पाहण्याची जी रीत रूढ केली तिचं बीज मॅक्सवेल यांच्या १८६० च्या लेखनात आहे, आणि तिच्यातली कल्पना थक्क करणारी आहे. दगडाला दगड मानूच नका, असं ती म्हणते. दगडाचे कण हे जणू प्रचंड मोठे, प्रचंड जड रेणू आहेत, जागच्या जागी धरून ठेवलेले. म्हणजे हेलियम आणि आर्गॉन यांच्या मिश्रणात तिसरा वायू मिसळला आहे: दगड नावाचा, कधीही न हलणारा. ही धुळीनं भरलेल्या वायूची कल्पना. एवढं मानलं की वायूच्या गतीचं सगळं गणित तसंच्या तसं दगडाच्या आत चालू लागतं. घन आणि वायू यांच्यामधली भिंत अशी एका वाक्यात विरघळते.

या मोजणीमागं व्यवहारही होता. अणुभट्टीत ग्रॅफाइट न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, आणि त्याच्या छिद्रांत कोण शिरतं यावर भट्टीचं आरोग्य अवलंबून असतं. ओक रिजमधली वितळलेल्या क्षारांवर चालणारी प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ या काळात चालली. तिथं अणूंच्या विखंडनातून झेनॉन-१३५ हा वायू निर्माण होई. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ९.१ तास, पण तेवढ्यात तो न्यूट्रॉन गिळण्यात कोणाला हार जात नाही. हा वायू ग्रॅफाइटच्या छिद्रांत जाऊन बसला तर भट्टीचे न्यूट्रॉन खात राहणार. म्हणून त्या भट्टीसाठी मुद्दाम अतिसूक्ष्म छिद्रांचं ग्रॅफाइट घडवलं गेलं. जिथं वायूला अडवायचं तिथंही, तो कसा चालतो हे आधी ठाऊक असावं लागतं.

पण हे ज्ञान भट्ट्यांपुरतं राहिलं असतं तर त्याच्याकडं मी निसर्ग म्हणून पाहिलं नसतं. समान दाबाखाली, कोणी न ढकलता, छिद्रांतून होणारी ही ये-जा पृथ्वीवरच्या जगण्याचा पाया आहे. १९०० मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या प्रयोगशाळेत होरेस ब्राउन आणि फर्गसन एस्कोंब यांनी पानाच्या रंध्रांचं कोडं सोडवलं. पानाच्या पृष्ठभागाचा जेमतेम शंभरावा हिस्सा रंध्रांनी उघडा असतो. तेवढ्यातून झाडाला पुरेसा कार्बन डायऑक्साइड मिळतो कसा? त्यांना आढळलं की सूक्ष्म भोकातून होणारं विसरण भोकाच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, व्यासाच्या प्रमाणात असतं. व्यास दहावा हिस्सा केला की क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा होतं, प्रवाह मात्र दहावाच. म्हणून एका मोठ्या दारापेक्षा विखुरलेली असंख्य सूक्ष्म दारं जास्त देणारी ठरतात. झाडांनी हे गणित कधीपासून पानांवर मांडून ठेवलेलं आहे.

आणि १९०४ मध्ये अमेरिकेच्या मृदा विभागात एडगर बकिंगहॅम यांनी मातीतून होणारं वायूंचं विसरण मोजलं. मातीतल्या वाटा ग्रॅफाइटच्या मानानं राजरस्ते. तिथं रेणू भिंतीपेक्षा एकमेकांवरच जास्त आपटतात. पण निष्कर्ष त्याच जातीचा होता. हवेचा दाब कमी-जास्त झाल्यानं माती थोडाफार श्वास घेते खरी, तरी मुळांना ऑक्सिजन पुरवण्याचं आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड बाहेर नेण्याचं मुख्य काम विसरणच करतं. वाऱ्याशिवाय, दाबाशिवाय, रेणूंच्या निव्वळ अंगभूत चालीनं.

आपल्या काळ्या रानात मृग-आर्द्रा जोरात लागल्या की सगळी छिद्रं पाण्यानं भरतात. पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद. मुळं गुदमरतात, पिवळं पडलेलं पीक माना टाकतं. अशा वेळी जाणता शेतकरी रानात पाऊल घालत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. ओल आहे पण चिखल नाही, माती मुठीत धरली तर गोळा होतो आणि सोडली तर सुटते, अशी वेळ. त्या वेळी मोठी छिद्रं पाण्यानं सोडलेली असतात आणि बारीक छिद्रांनी पाणी धरून ठेवलेलं असतं. हवेची वाट उघडलेली, पाण्याची शिदोरी शिल्लक. ग्रॅफाइटच्या आलेखावर जी मोकळीक शास्त्रज्ञ मोजतो, तिचाच अंदाज हा माणूस तळहातानं घेत असतो. त्याच्या अंदाजावर पेरणी ठरते, कोळपणी ठरते, वर्षाचं धान्य ठरतं.

घट्टपणाबद्दल माणसाला मोठा आदर आहे. अभंग, अखंड, निश्छिद्र असे शब्द आपण देवाला आणि निष्ठेला लावतो. पण ज्या पदार्थांच्या आधारानं जीव जगतो, ती माती, ते पान, सगळे आतून रिते आणि जोडलेले आहेत. छिद्र ही त्यांच्यातली उणीव नव्हे, ते त्यांचं देणं आहे. आणि ते देणं किती मोठं, हे पदार्थ फोडून कळत नाही. कापलेल्या ठोकळ्यात वाट कुठंच दिसत नाही, दिसतात ते फक्त काळे ठिपके. कोणीतरी एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर पडतं, तेव्हाच वाट होती हे सिद्ध होतं. म्हणून वायूची ही मोजणी मला पदार्थाला विचारलेल्या प्रश्नांपैकी सर्वांत अदबीचा प्रश्न वाटते. ती काही फोडत नाही, काही जाळत नाही. ती एका निरुपद्रवी वायूला दारात उभं करते, आणि दगड जेवढं आत घेईल तेवढ्यावरून दगडाला ओळखते.